केनियात चार आठवडे मॅटर्निटी व्हॉलंटियरिंग, पावणेदोन लाख. जाऊ का नको? (नर्सिंग, सोलापूर)

पूर्वभागची_पोरगी · रविवार, रात्री 10:40

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी सोलापूरची, अशोक चौकाच्या अलीकडं घर, बी.एस्सी. नर्सिंगचं तिसरं वर्ष संपत आलंय. मागच्या महिन्यात आमच्या बॅचच्या ग्रुपवर एका एजन्सीची लिंक आली. नर्सिंगच्या मुलींना केनियाला नेतात, चार आठवडे, त्यातले दोन मॅटर्निटी वॉर्डात आणि दोन गावात कम्युनिटी हेल्थ, सगळं तिथल्या नर्सिंग स्टुडंट्सबरोबर. वेबिनार झाला त्यात एका मुलीचा फोटो दाखवला, गाऊन घातलेला आणि नुकतंच जन्मलेलं बाळ हातात. वेबिनारवाल्या मॅडम म्हणाल्या, इंडियात तुम्हाला डिलिव्हरी हाताला लागायला वाट बघावी लागते, तिथं पहिल्या दिवसापासून हँड्स-ऑन.

खरं सांगते, मला ते वाक्यच लागलं. कारण आमच्या पोस्टिंगला एका टेबलापाशी आम्ही पाच-सहा जणी असतो, त्यात जीएनएमच्या मुली, एएनएमच्या मुली (नर्सिंगचेच दुसरे कोर्स), वर इंटर्न डॉक्टर, आणि बाळ बाहेर येताना मला दिसतं ते पुढच्या मुलीच्या खांद्यावरनं. लॉगबुकात, म्हणजे कॉलेजच्या नोंदवहीत, ठरलेल्या केसेस भरताना जीव मेटाकुटीला येतो.

वॉर्डात माझा एकच उपयोग होतो. घरी आम्ही तेलुगु बोलतो, त्यामुळं आमच्या भागातली पेशंट आली की सिस्टर हाक मारतात, ए तेलुगु, इकडं ये. मग मी तिच्या डोक्यापाशी उभी राहून नोप्पुलु वस्तुन्नाया विचारते, म्हणजे कळा येतायत का, आणि वेळ आली की मुक्कु मुक्कु ओरडते. मुक्कु म्हणजे जोर लाव, आणि नाकाला पण मुक्कुच म्हणतात, त्यामुळं मैत्रिणी हसतात. हातमोजे घातलेली मुलगी मात्र दुसरीच असते.

पैसे एक लाख पंचाहत्तर हजार. त्यात राहणं, जेवण, एअरपोर्टवरनं नेणं-आणणं आणि सर्टिफिकेट. तिकीट वेगळं. पप्पा टॉवेलच्या कारखान्यात आहेत, मम्मी विड्या करायची पण पाठ धरते म्हणून आता बंद केल्यात. पप्पा म्हणाले पतसंस्थेतनं काढू, तू जा. याचंच टेन्शन आलंय मला, नको म्हणाले असते तर विषय संपला असता.

तर कुणी असं जाऊन आलंय का, खरंच डिलिव्हरी करू देतात का, लॉगबुकात धरतात का, आणि पुढं युकेला वगैरे जायचं तर याचा काही उपयोग होतो का? पुढच्या शुक्रवारपर्यंत पंचवीस हजार ॲडव्हान्स भरायचाय.

---

नवी_पेठ_वाला · रविवार, रात्री 11:05

पावणेदोन लाख देऊन फुकट राबायचं? आमच्या लूमवर राबणाऱ्याला हजेरी देतात, त्याच्याकडनं घेत नाहीत. शुक्रवारपर्यंत भरा म्हणाला म्हणजेच समजायचं.

---

सुकुमा_विकी · सोमवार, सकाळी 6:50

मी गेले होते, 2019 ला, फायनल इयर झाल्या झाल्या. एजन्सी वेगळी असेल पण वेबिनार तोच वाटतोय गं, बाळाचा फोटो पण तसाच. आता पुण्यात आहे, लेबर रूमलाच, माहेर विजापूर रोडला. नाइट संपवून टाइप करतेय त्यामुळं लांबण लागली तर वाच की सावकाश.

आम्हाला ठेवलं होतं किसुमूच्या बाजूला, व्हिक्टोरिया तळ्याच्या काठचा भाग. तिथं सरकारी दवाखान्यात बाळंतपण 2013 पासून मोफत केलेलं त्यामुळं गर्दी आपल्यासारखीच, एका कॉटवर दोन बाळंतिणी पण बघितल्या. आम्ही चार व्हॉलंटियर होतो, मी आणि एक नागपूरची अशा दोघी नर्सिंगच्या, आणि दोघी इंग्लंडच्या, ज्यांचं नर्सिंगशी काही देणंघेणं नव्हतं, शाळा संपवून कॉलेजच्या आधीची सुट्टी घालवायला आलेल्या. पैसे त्यांनीही भरले होते, म्हणून गाऊन त्यांनाही मिळाला. इथंच मला शंका यायला पाहिजे होती.

दुसऱ्या दिवसाची गोष्ट. एक बाई होती, वीस-बावीसची, दुसरं बाळंतपण, पोटावर पिवळं छापील लेसो गुंडाळलेलं, आपल्याकडं जुनं लुगडं धरतात तसं. कळ आली की माझं मनगट धरायची. दोन कळांच्या मधे माझ्याकडं बघून म्हणाली, पी. मला वाटलं कण्हतीये. परत म्हणाली, पी. मी हसले, इट्स ओके म्हणाले, पाठीवरनं हात फिरवला. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा शेजारी उभी असलेली तिथलीच नर्सिंगची मुलगी गेली आणि कपात पाणी घेऊन आली. लुओ भाषेत पी म्हणजे पाणी. आपल्या मराठीत पण पाणी देताना पी म्हणतोच की आपण, तरी डोक्यात आलं नाही. म्हणजे बाई तहानेनं तीनदा सांगतीये आणि पैसे भरून आलेली सिस्टर हसतीये. स्वाहिली चार शब्द मी पाठ करून गेले होते, पण त्या भागात घरात बोलतात लुओ, हे वेबिनारमधे कुणी सांगितलं नव्हतं.

पुढचं ऐक. त्याच मुलीनं हातमोजे घातले होते, तिची केस होती. तेवढ्यात इनचार्ज आल्या आणि माझ्याकडं बोट दाखवून म्हणाल्या, व्हिजिटरला करू दे. ती बाजूला झाली. मी केली डिलिव्हरी, म्हणजे माझ्या हातावर सिस्टरचा हात होताच. डोकं आलं, खांदे आले, बाळ आईच्या पोटावर, एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन दहा युनिट मांडीत, वार पडली, पोट चोळून बघितलं, सगळं आपल्याकडं शिकवतात तसंच. माझा फोटो पण आहे बाळ धरलेला. त्या बाईला विचारून काढला का? नाही. कुठल्या भाषेत विचारणार होते.

संध्याकाळी मेसमधे ती मुलगी माझ्या समोर बसली आणि तिनं तिचं लॉगबुक उघडलं. तिच्या पण केसेस कमी पडत होत्या, पोस्टिंग संपायला नऊ दिवस होते. काही बोलली नाही गं ती मला, उलट तिच्या ताटातली भाजी वाढली. पण मला घास उतरेना. कारण सोलापुरात दोन वर्षं मी जिच्या जागी उभी होते ना, पुढच्या मुलीच्या खांद्यावरनं बघणारी, तीच ही होती. आणि तिच्या हातातली केस मी पैसे भरून काढून घेतली होती.

हँड्स-ऑनचा अर्थ हा आहे. तिथं डिलिव्हऱ्या जास्त पडून आहेत आणि करायला माणूस नाही, असं नसतं. तिथं पण मुली शिकतायत, त्यांना पण तेवढ्याच केसेस भरायच्यात आणि त्यांना त्याच गावात आयुष्यभर तेच काम करायचंय.

नंतर मी हातमोजे घालायचं बंद केलं. डोक्यापाशी उभी राहायचे, पाणी, पाठ चोळणं, नाडी आणि कळा मोजून पार्टोग्राफवर, म्हणजे बाळंतपणाच्या तक्त्यावर, घेणं, बाळाचं वजन. तिथल्या मुलींना पण हायसं वाटलं असणार, त्यांनी मग मला शब्द शिकवले. माझं नाव त्यातलंच. आम्हाला रोज उगाली आणि सुकुमा मिळायची. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड आणि सुकुमा म्हणजे लांब पानांची पालेभाजी, पूर्ण नाव सुकुमा विकी, स्वस्तातली भाजी, आठवडा ढकलायला कामी येते म्हणून. सुकुमा म्हणजे ढकल. तेव्हा मला कळलं की लेबर रूममधे सिस्टर मामा सुकुमा, सुकुमा असं का ओरडतात. तुझं मुक्कु वाचून तेच आठवलं बघ.

आणि जे कामाचं आहे ते पण सांगते. केनियाला जायचं तर यलो फिव्हरची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी, ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारनं ठरवून दिलेल्या केंद्रातच, मला मुंबईला जावं लागलं, सिद्धेश्वर एक्सप्रेसनं गेले आणि सिद्धेश्वरनंच आले. ते पिवळं कार्ड नसेल तर परत येताना आपल्याच एअरपोर्टवर सहा दिवस क्वारंटाइनला घालू शकतात. मलेरियाच्या गोळ्या जायच्या आधीपासून सुरू करायच्या, डॉक्टरला विचारून. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सुई टोचली तर काय? एचआयव्हीची पीईपी, म्हणजे लागण होऊ नये म्हणून घ्यायची औषधं, जितक्या लवकर तितकी बरी, 72 तासांच्या पुढं उपयोग नाही, ती कोण देणार, रात्री दोन वाजता कुठं मिळणार, हे एजन्सीकडनं लेखी घे. विमा घे. टुरिस्ट म्हणून जाऊन वॉर्डात पेशंटला हात लावणं तिथल्या कायद्यात बसतं का, हॉस्पिटलचं पत्र आहे का, माझ्यावर देखरेख कुणाची आणि माझ्या पैशातले हॉस्पिटलला किती जातात, हे पण विचार. मी शेवटचं विचारलं होतं. उत्तर आलं नाही.

---

पूर्वभागची_पोरगी · सोमवार, दुपारी 1:20

ताई, पी वाचून अंगावर काटा आला. मी कॅन्टीनमधे बसून दोनदा वाचलं. पण एक विचारू का, राग नका मानू. तुम्ही जाऊन आलात म्हणून तुम्हाला हे कळलं ना? मला न जाता कसं कळणार?

---

सुकुमा_विकी · सोमवार, दुपारी 4:10

राग कशाला. बरोबर विचारलंस. माझ्याकडं याचं उत्तर नाही. फक्त मी ते माझ्या पैशानं शिकले असं मला बरेच दिवस वाटायचं, पण खर्च त्या मुलीचा झाला. कम्युनिटीचे दोन आठवडे मात्र मी परत कधीही करीन. तिथल्या हेल्थ व्हॉलंटियर बाईबरोबर घरोघर चालायचो, मच्छरदाणी लावलीय का गुंडाळून ठेवलीय ते बघायचं, बाळाचं बुकलेट बघायचं, कुठला डोस राहिलाय. तिथं कुणाची केस कुणी हिसकावत नाही.

---

लीड्समधली_सोलापूरकर · सोमवार, रात्री 9:30

युकेचं मी सांगते, सात वर्षं इथं एनएचएसमधे, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत आहे. इथल्या एनएमसीच्या, म्हणजे नर्सिंग कौन्सिलच्या, रजिस्ट्रेशनला व्हॉलंटियरिंगचा काडीचा उपयोग नाही. इंग्लिश, म्हणजे आयईएलटीएस नाहीतर ओईटी, मग सीबीटी ही कॉम्प्युटरवरची परीक्षा, मग इथं येऊन ऑस्की ही प्रॅक्टिकल परीक्षा. आयईएलटीएसला रायटिंग सोडून बाकीच्यात 7 आणि रायटिंगला साडेसहा लागतात, त्यातच मुली अडकतात. पावणेदोन लाखात इंग्लिशचा क्लास, परीक्षेची फी आणि एकदा नापास होण्याचा खर्च सगळं बसतं, सांगून ठेवते.

अजून एक, जे मला पण इथं आल्यावर कळलं. आपल्याकडं आपण रजिस्टर्ड नर्स आणि रजिस्टर्ड मिडवाइफ दोन्ही एकदम होतो. इथं ती दोन वेगळी रजिस्टरं आहेत आणि नर्स म्हणून आलेलीला बाळंतपणाचं काम करता येत नाही. मी सोलापुरात असताना रात्रीत चार-चार डिलिव्हऱ्या केल्यात, इथं मला हृदयाच्या वॉर्डात टाकलं. मॅटर्निटीची एवढी आवड असेल तर युके करायच्या आधी हे डोक्यात ठेव. इंटरव्ह्यूला केनियाचं बोललीस तर दोन मिनिटं छान गप्पा होतील, बास.

---

भैय्या_चौक · मंगळवार, सकाळी 8:15

एवढं घाबरवू नका पोरीला. आपल्या सोलापूरचेच डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 ला चीनला गेले, पाच डॉक्टरांचं पथक होतं, भैय्या चौकात त्यांचं घर आहे, स्मारक आहे, जाऊन बघा. त्यांनी असा हिशोब केला असता तर? सोलापूरचा माणूस परदेशात सेवेला गेला तर ती आपली परंपराच आहे. जा बेटा.

---

सुकुमा_विकी · मंगळवार, सकाळी 8:40

काका, शाळेची सहल तिथंच गेली होती आमची. पण कोटणीस चिनी शिकले, त्याच भाषेत तिथल्या पोरांना शिकवलं, तिथल्या नर्सिंगच्या शिक्षिकेशी लग्न केलं आणि 1942 ला तिथंच वारले, वय बत्तीस. चार आठवड्यांचं पॅकेज नव्हतं ते. आणि त्यांच्याकडनं कुणी ॲडव्हान्स पण घेतला नव्हता.

---

भैय्या_चौक · मंगळवार, सकाळी 9:02

हे मात्र खरं.

---

कम्युनिटीवाल्या_मॅडम · मंगळवार, रात्री 10:15

मी नर्सिंग कॉलेजला कम्युनिटी हेल्थ शिकवते, कुठल्या ते सोडा, माझ्या विद्यार्थिनी इथं असणारच. आधी लॉगबुकाचं: आमच्याकडं अशा परदेशातल्या केसेस धरत नाहीत. पोस्टिंग मान्य असलेल्या ठिकाणी आणि सही इथल्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टरची. तुझ्या कॉलेजला लेखी विचार, पण आशा ठेवू नकोस.

आता जायचंच असेल तर केनियाच कशाला, हा माझा प्रश्न आहे. मी 2023 ला दोन मुलींना घेऊन नेपाळला गेले होते, स्वतःच्या खर्चानं, एजन्सी नाही. ओळखीच्या एका नर्सिंग कॅम्पसनं पत्र दिलं आणि पाल्पा जिल्ह्यातल्या एका गाउँपालिकेनं (तिकडची ग्रामपंचायतच म्हण) परवानगी दिली, कारण तिकडं गावातली स्वास्थ्य चौकी त्यांच्याच ताब्यात असते. तिथून पत्र यायला चार महिने लागले, ते सोसावं लागतं. आपल्याला नेपाळला व्हिसा लागत नाही, पासपोर्ट नसला तर मतदार ओळखपत्र चालतं. पुण्याहून गोरखपूरची गाडी, पुढं सुनौलीची सीमा आणि मग वर घाट. त्यातल्या एका मुलीला घाटात एवढं लागलं की पहिल्या दिवशी पेशंट तीच होती. तीन आठवड्यांचा तिघींचा मिळून खर्च तू सांगतेस त्याच्या निम्म्यातही गेला नाही.

आणि भाषा. लिपी तर आपलीच. दवाखान्यावरची पाटी वाचता येते, बाईचं कार्ड वाचता येतं. बाळंतिणीला सुत्केरी म्हणतात, दुखतंय का विचारायचं तर दुख्यो. बाळ दूध प्यालं का विचारताना दूध खायो म्हणतात, तिकडं दूध खातात, मुली दोन दिवस हसत होत्या. एएनएमला सगळं गाव अनमी म्हणतं. आठवड्यात मुली मोडकंतोडकं बोलायला लागल्या आणि बायका त्यांना उत्तरं द्यायला लागल्या, यातच निम्मं काम झालं.

तिथल्या अनमीनं पहिल्याच दिवशी सांगितलं, बर्थिंग सेंटरमधे तुमच्या मुली बघतील, हात लावणार नाहीत. मुलींची तोंडं पडली. मला बरं वाटलं. मग आम्हाला जोडून दिलं महिला सामुदायिक स्वास्थ्य स्वयंसेविकेला. ही योजना त्यांच्याकडं 1988 पासून आहे, आपल्या आशाताईंच्या कितीतरी आधीची, देशभर पन्नास हजारांच्या वर बायका आहेत. आमची जी होती ती साठीची, नातवंडं असलेली, चढावर आमच्या पुढं. पिशवीत काय, तर नाभीला लावायचं क्लोरहेक्सिडिनचं मलम, आणि ज्या घरातनं दवाखान्यात पोचणं अवघड तिथल्या बाईला आठव्या महिन्यात द्यायच्या मिसोप्रोस्टॉलच्या तीन गोळ्या, बाळ झाल्या झाल्या घ्यायच्या, रक्तस्राव होऊ नये म्हणून. त्यांना मातृ सुरक्षा चक्की म्हणतात, चक्की म्हणजे तिकडं गोळी. तिनं माझ्या मुलींना विचारलं, तुमच्याकडं नाभीला काय लावतात. मुली म्हणाल्या काही नाही, कोरडी ठेवायची. मग हळूच एक म्हणाली, आमच्या आजीनं माझ्या भावाच्या नाभीला हळद आणि तेल लावलं होतं. म्हातारी हसली, म्हणाली इथं पण तेच होतं म्हणून तर मलम काढलं.

एका घरी पाच दिवसांची सुत्केरी होती, तिला वाटीत गरम काहीतरी प्यायला दिलेलं. वास आला आणि माझी मुलगी ओरडली, मॅडम, ओवा! ज्वानोको झोल म्हणतात, ओव्याचं सार. आमच्याकडं पण बाळंतिणीला ओवा देतात म्हटल्यावर त्या घरातली सासू जी बोलायला लागली ती थांबेचना, आणि त्या बोलण्यातच कळलं की सूनबाईचं एक स्तन दगडासारखं झालंय आणि दोन दिवस ताप आहे. लाजेनं सांगितलं नव्हतं. स्वयंसेविका तिला लगेच चौकीत घेऊन गेली. माझ्या मुलींनी त्यात काय केलं? ओव्याला ओवा म्हटलं, एवढंच.

नेपाळमधे माता मृत्यूचं प्रमाण 1996 च्या पाहणीत लाखामागं 539 होतं आणि 2021 च्या जनगणनेवरनं 151 निघालं. दवाखान्यात बाळंत झालं की मोफत, वर गाडीखर्चाला पैसे, 2009 ला दोन्ही एकत्र जोडलं तेव्हा हिमालयाच्या जिल्ह्यात दीड हजार नेपाळी रुपये, डोंगराळ भागात हजार आणि तराईच्या सपाटीला पाचशे. जिथं चढ जास्त तिथं पैसे जास्त, साधा हिशोब. आपल्याकडच्या जननी सुरक्षा योजनेशी ताडून बघ, तुझ्या प्रोजेक्टला विषय मिळेल.

आणि शेवटचं, थोडं टोचेल. परदेशातनं लोक कम्युनिटी हेल्थ शिकायला आपल्या शेजारी जामखेडला येतात, बार्शीवरनं किती लांब आहे ते? 1970 ला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळ्यांनी तिथं गावातल्याच, बऱ्याचशा अडाणी बायकांना शिकवून उभं केलं, बाळंतपणासकट. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंगांनी 39 गावांत घरोघरी नवजात बाळांची सेवा सुरू केली, 1999 ला लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आलं, आणि आज आशाताई तीच पद्धत घेऊन तुझ्या गल्लीत येते. माझ्या वर्गात हात वर करायला सांगितलं तर जामखेड बघितलेल्या मुली दोन निघतात.

---

उपकेंद्राची_बाई · बुधवार, दुपारी 3:30

मॅडम बोलल्या त्यात माझं थोडं घुसडते. मी अक्कलकोट तालुक्यात एएनएम आहे, सोळा वर्षं झाली, गाव कुठलं ते नको. आमच्याकडं अर्धं गाव कानडी. मी मूळची माढ्याची, मला कानडीचा क पण येत नव्हता, पहिल्या वर्षी माझे हाल कुत्रं खात नव्हतं. आता कूसु हालु कुडीतैतेनु विचारल्याशिवाय माझा दिवस जात नाही. बाळ दूध पितंय का.

अगं पोरी, तुला परदेशच बघायचंय ना, मग माझ्यासंगं ये की. माझी आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाती. मागच्या आठवड्यात सातव्या दिवसाला मी पण गेले, बाळ बारीक होतं म्हणून. वजनाचा काटा बाहेर काढला, झोळीत बाळ घालायचं म्हटलं तर सासू आडवी. वजन करायचं नाही, नजर लागती. मी म्हटलं बरं, नाही करत, चहा द्या. चहा पिता पिता मी काट्याला त्यांचा पितळी तांब्या अडकवला, किती भरतोय बघू म्हटलं. मग दुसरा तांब्या. मग त्यांचा नातू, तीन वर्षांचा, तो म्हणतोय मला पण मला पण. त्याला काय लटकवणार, काटा पाच किलोचा. तेवढ्यात सासू हसायला लागली आणि आपसूक बाळ माझ्या हातात दिलं. एक किलो नऊशे. दवाखान्यातनं निघताना दोन किलो शंभर होतं. लगेच गाडी बोलावली. आज बाळ बरंय, दूध वडतंय.

हे तुझ्या लॉगबुकात कुठल्या रकान्यात बसतं मला माहीत नाही. पण तुझ्या वयाची मुलगी बरोबर असली की सुना बोलत्यात, माझ्याशी बोलत नाहीत, मी सासूच्या वयाची झाले ना आता.

आणि कर्ज काढू नको. बापानं हो म्हटलंय म्हणून तर नकोच.

---

पूर्वभागची_पोरगी · शुक्रवार, सायंकाळी 7:45

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, काल पोस्टिंग होतं. एजन्सीला सुकुमा ताईंनी सांगितलेले सगळे प्रश्न मेल केले होते. उत्तर फोनवर आलं, लेखी नाही. टुरिस्ट म्हणूनच जायचं, काही होत नाही, आधीच्या सगळ्या मुली तशाच गेल्या. पीईपीचं विचारलं तर मॅडम म्हणाल्या, तुम्ही फारच निगेटिव्ह विचार करता. हॉस्पिटलला किती जातात विचारल्यावर फोन कट झाला, रेंज गेली असेल असं पप्पा म्हणाले. ॲडव्हान्स भरला नाही. पप्पांचं तोंड उतरलंय, त्यांनी कारखान्यात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं पोरगी आफ्रिकेला चाललीय म्हणून. आता त्यांना कसं समजवायचं ते बघते.

पूर्ण सोडलंय असं नाही. मॅडम, तुम्हाला मेसेज केलाय, नेपाळला परत नेणार असाल तर फायनल इयरनंतर माझं नाव धरा, चार महिने पत्राची वाट बघायची तयारी आहे.

आणि काल एक झालं. पूर्व भागातली पेशंट होती, पहिलटकरीण, मी नेहमीसारखी डोक्यापाशी. कळ गेली की ती मला काहीतरी सांगत होती आणि एरवी मी हो हो म्हणून टाकते, कारण लक्ष सगळं पुढं टेबलाकडं असतं, कोणाला केस मिळतीय ते. काल खाली वाकून ऐकलं. ती म्हणत होती, पाय सोडा, गोळा आलाय. पोटरीला. कुणाला कळलंच नव्हतं. मी पाय सोडवून चोळला.

उपकेंद्राच्या बाई, रविवारी सुट्टी आहे पण बाळ बघायचं तर सोमवारी आलेलं चालेल का? मॅडमची परवानगी काढते. कानडी येत नाही पण तेलुगुत मुक्कु येतं.

---

उपकेंद्राची_बाई · शुक्रवार, रात्री 8:20

सोमवारी लसीकरण आहे, मंगळवारी ये. स्टँडवरनं सकाळी सातची अक्कलकोट धर, नंतरची भरून येती. फाट्यावर उतर, आशा न्यायला येईल. डबा आणू नको, कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहे. झोळी धुऊन ठेवते.